युद्धाचें निमित्त आणि युद्धाचें कारण

राष्ट्राराष्ट्रांमध्यें युद्ध कां जुंपतें याचा विचार निघाला कीं आमच्याकडील सुशिक्षित मंडळींची दृष्टि एकदम युरोपाकडे वळते. साराजेव्हो येथें १९१४ सालीं झालेला खून बहुतेकांस पाठ असतो. परंतु निमित्त वेगळें आणि कारण वेगळें, हें समजण्यास इतक्या दूर जाण्याचें प्रयोजन नाहीं. पुणें जिल्ह्यांतील महाळुंगे हें गांव घ्या. आज तेथें कारखान्यांची दाटी झाली आहे. पण त्याच्या पूर्वेस चाकण व पश्चिमेस तळेगांव-वडगांव असून दोहों बाजूंस दोन निरनिराळ्या जातींचीं युद्धें झालीं आहेत.

कौटिल्यानें विजेत्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. शरणागतीनें संतुष्ट होणारा तो धर्मविजयी, भूमि व द्रव्य घेतल्यावांचून न थांबणारा तो लोभविजयी, आणि पुत्र, स्त्रिया व प्राणही हरण करूं पाहणारा तो असुरविजयी. चाकणचा प्रकार सरळ आहे. १६६० सालीं शाएस्तेखानानें तेथील संग्रामदुर्गास वेढा घातला, फिरंगोजी नरसाळा यानें तो सुमारें दोन महिने लढविला, व सुरुंगानें बुरूज उडाल्यावर किल्ला द्यावा लागला. साम्राज्यास नवी स्वतंत्र सत्ता खपत नव्हती; कारण व निमित्त एकच.

वडगांवची गोष्ट गुंतागुंतीची आहे. १७७३ त नारायणराव पेशव्यांचा खून झाला व पेशवाई राघोबादादांकडे आली. परंतु बारभाईंनीं नारायणरावांच्या पश्चात् जन्मलेल्या पुत्राच्या नांवें कारभार हातीं घेऊन दादांस दूर केलें. दादांनीं इंग्रजांकडे धांव घेतली. मार्च १७७५ मध्यें सुरतेस तह झाला. साष्टी व वसई ही मदतीची किंमत. (घरची वांटणी शेजाऱ्यापुढें नेली म्हणजे शेजारी आधीं अंगण मागतो, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नकोच.) पण ठाण्याचा किल्ला इंग्रजांनीं डिसेंबर १७७४ मध्येंच घेतला होता. तह मागाहून झाला! लोभविजयी कोणास म्हणावें याचें याहून चोख उदाहरण मिळणें कठीण.

पुढें कलकत्तेकरांनीं तो तह अमान्य करून १७७६ त पुरंदरास दुसरा केला. परंतु पुण्यांत सेंट ल्युबिन नांवाचा फ्रेंच गृहस्थ आला, नाना फडणिसांनीं त्याचा सत्कार केला, आणि १७७८ त अमेरिकेच्या भांडणांत फ्रान्स इंग्लंडाविरुद्ध उतरलें. मुंबईकरांस फ्रेंचांचा धसका बसला व समुद्रापलीकडील वैराची झळ मावळास लागली.

सुमारें ३,९०० शिपाई व १९,००० बैल घेऊन मुंबईची फौज बोरघाट चढली. ९ जानेवारी १७७९ रोजीं ती तळेगांवास पोहोंचते तों मराठ्यांनींच गांव जाळून ओस केलेलें. दाणावैरण नाहीं, पाठीवर महादजी शिंद्यांचे स्वार. अवजड तोफा तळ्यांत टाकून इंग्रज रात्रीं मागें फिरले, वडगांवास कोंडले गेले, आणि साष्टीसुद्धां सर्व परत देण्यास कबूल झाले. हा विजय आम्ही मुलांस अभिमानानें शिकवीत असूं, आणि तो अभिमान योग्यच होता. ज्यांचीं घरें पेटलीं त्या तळेगांवकरांविषयीं मात्र धड्यांत एक ओळही नसे.

कंपनीच्या वरिष्ठांनीं वडगांवचा करार मानला नाहीं. युद्ध चाललें तें मे १७८२ मधील सालबाईच्या तहापर्यंत. त्या तहानें राघोबादादांस दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक मिळाली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली.