काच तापाने नव्हे, तफावतीने फुटते

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा गच्चीवरच्या टाकीतलं पाणीही हाताला चटका देतं. अशा गावात काचेच्या भांड्यांना धोका उन्हाळ्याचा, असं कुणालाही वाटेल. पण हिशेब मांडला की उत्तर उलटं येतं. खानदेशात काचेच्या भांड्याची खरी परीक्षा असते ती डिसेंबर-जानेवारीत. धुळ्याचा पारा एक आकडी होतो, सकाळी ओट्याच्या कडाप्प्याला हात लावावासा वाटत नाही आणि नेमक्या त्याच दिवसांत घरोघरी भरीत-बट्टीचे बेत ठरत असतात.

ओटीजी आणि मायक्रोवेव्ह आता इकडच्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत रुळले आहेत. त्यांच्यामागोमाग काचेच्या पसरट डिश, झाकणाचे बाउल, चौकोनी डबे आले. यातलं एखादं भांडं वर्षानुवर्षं टिकतं, तर एखादं अचानक ‘आपोआप’ फुटतं. त्या आपोआपमागे पदार्थविज्ञान आहे आणि ते समजायला एक वजाबाकी पुरते.

फुटण्याचं गणित

तापलं की काच प्रसरण पावते, गार झाली की आकुंचन पावते. सगळं भांडं एकसारखं तापलं तर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते एक भाग गरम आणि शेजारचा गार असला तर. गार पृष्ठभाग आकसू पाहतो, आतला गरम भाग त्याला आकसू देत नाही आणि पृष्ठभागावर ताण येतो. काच दाबाखाली भक्कम असते, ताणाखाली मात्र कमकुवत. म्हणून तापलेल्या भांड्यावर गार पाणी पडणं हा तिच्यावरचा सगळ्यात वाईट आघात.

किती फरक सोसेल? अमेरिकेतल्या आर. सी. ब्रॅट आणि आर. एल. मार्टेन्स या अभ्यासकांनी २०१२ साली याचं गणित मांडलं. साध्या म्हणजे सोडा-लाइम काचेची मर्यादा त्यांनी सुमारे ५५ अंश सेल्सिअस काढली, बोरोसिलिकेट काचेची सुमारे १८३ अंश. हे आकडे पृष्ठभाग एकदम गार झाला असं धरून काढलेले आहेत. कोरड्या लाकडी पाटावर भांडं टेकवलं तर इतका झटका बसत नाही, ओल्या फडक्यावर किंवा ओल्या ओट्यावर ठेवलं तर जवळपास बसतो.

आता खानदेशचं हवामान या गणितात घालून पाहू. २०० अंशांवरची डिश ओव्हनमधून काढून ओल्या ओट्यावर ठेवली. मे महिन्यात ओटा ३८ अंशांवर असेल तर फरक १६२. डिसेंबरच्या सकाळी तोच ओटा १२ अंशांवर असेल तर फरक १८८. म्हणजे बोरोसिलिकेटची मर्यादा बरोबर या दोन ऋतूंच्या मधे पडते. साध्या काचेच्या बरणीचं पाहा. कॉफीची रिकामी बरणी धुऊन तिच्यात ९५ अंशांचं वरण ओतलं, तर ४० अंशांच्या उन्हाळी स्वयंपाकघरात फरक ५५, हिवाळ्यात १० अंशांवरच्या बरणीत ८५. मे महिन्यात जेमतेम निभावलेली बरणी डिसेंबरात दगा देऊ शकते. भांडं तेच, वरण तेच, वजाबाकी वेगळी.

चहावाले ग्लासात आधी स्टीलचा चमचा ठेवून मग उकळता चहा ओततात, त्यामागेही हेच आहे. पहिल्या धारेची बरीचशी उष्णता चमचा घेतो, काचेला झटका कमी बसतो. जाड बुडाचा ग्लास पातळ ग्लासापेक्षा लवकर तडकतो तोही याच कारणाने: जाडीतून उष्णता पलीकडे पोहोचायला वेळ लागतो, तोवर आतबाहेरचा फरक टिकून राहतो.

कंदिलातून आलेली काच

उष्णता सोसणारी काच जन्मली ती प्रकाशाच्या गरजेतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या येना शहरात ओटो शॉट यांनी काचेत बोरॉन मिसळून पाहिलं, तेव्हा प्रयोगशाळेची उपकरणं आणि दिव्यांच्या चिमण्या ही तिची मोठी गिऱ्हाइकं होती. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीपुढे रेल्वेच्या कंदिलांचा प्रश्न होता. तापलेल्या काचेवर पावसाचा किंवा बर्फाचा मारा झाला की ती तडकायची आणि सिग्नलचा दिवा फुटणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. कंपनीने कमी प्रसरण पावणारी काच तयार केली.

१९१३ साली कॉर्निंगमधले भौतिकशास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांनी याच काचेच्या बॅटरीच्या बरण्यांची बुडं कापून घरी नेली. त्यांच्या पत्नी बेसी यांनी त्यांत केक भाजला. केक सगळीकडून सारखा फुलला, भांड्यालाही चिकटला नाही. दोन वर्षांनी, १९१५ मध्ये, ‘पायरेक्स’ बाजारात आलं.

महाराष्ट्राचं काचेशी नातंही जुनं आहे. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ सालचा. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा जमवायची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने खेड्यापाड्यांत उजेड नेला. तापलेल्या चिमणीवर पाण्याचा थेंब पडला की काय होतं, हे कंदिलावर अभ्यास केलेल्या पिढीला शिकवावं लागलं नाही. १९६२ साली मुंबईत कॉर्निंगच्या सहकार्याने ‘बोरोसिल’ सुरू झाली. आधी तिची ओळख प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांची आणि परीक्षानळ्यांची, स्वयंपाकघरातली नंतरची. आज ‘बोरोसिलचं भांडं’ म्हणजे काचेचं कुठलंही भांडं, इतकं ते नाव सर्रास झालं आहे. घोटाळाही तिथेच होतो, कारण काचेचं दिसणारं प्रत्येक भांडं बोरोसिलिकेटचं नसतं.

बोरॉन काय करतो

काचेचा पाया वाळू, म्हणजे सिलिका. सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या अणूंचं ते घट्ट विणलेलं जाळं असतं. नुसती वाळू वितळवायला १,७०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, म्हणून तिच्यात सोडा घालतात. सोड्यातला सोडियम जाळ्याचे काही सांधे तोडतो. काच लवकर वितळते, पण जाळं सैल पडतं आणि सैल जाळं तापल्यावर जास्त पसरतं. साध्या काचेत सिलिका सुमारे ७० ते ७४ टक्के, सोडा १३-१४ टक्के आणि बाकी मुख्यतः चुना असतो.

बोरोसिलिकेटमध्ये सिलिका ८० टक्क्यांच्या घरात, बोरॉन ऑक्साइड १२-१३ टक्के आणि सोडा अवघा ४ टक्के. बोरॉन वितळायला मदत करतोच, शिवाय स्वतः जाळ्याचा सांधा बनतो. त्यामुळे जाळं घट्ट राहतं. ३० सेंटिमीटर लांबीची डिश ३० अंशांवरून २०० अंशांवर नेली, तर साधी काच जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढते, बोरोसिलिकेट त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी.

तिसरा प्रकार ‘टफन्ड’ काचेचा. साधी काच तापवून पृष्ठभागावर गार हवेचा झोत सोडतात. वरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो आणि पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. ही काच आदळआपट जास्त सोसते. उष्णतेचा फरक साध्या काचेपेक्षा जास्त, पण बोरोसिलिकेटपेक्षा कमी सोसते. फुटली की मात्र एकदम बारीक दाण्यांचा सडा पडतो.

बट्टी, केक आणि नानकटाई

उकडलेल्या बट्टीचे काप तळण्याऐवजी तूप लावून काचेच्या डिशमध्ये, ओटीजीत भाजून पाहा. धातूच्या ट्रेमध्ये न मिळणारी एक सोय इथे मिळते: डिश जरा उचलली की बूड दिसतं. कापांच्या कडा आधी सोनेरी होतात, मग रंग मधे सरकतो. खालून तांबूस झालं की उलटायचं, अंदाज बांधत बसावं लागत नाही.

हा रंग येण्यामागे काचेचे दोन गुण आहेत आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. काच उष्णता वाहून नेण्यात फार मंद, ॲल्युमिनियम तिच्या दोनशेपट वेगाने नेतं. म्हणून काचेचं भांडं तापायला वेळ घेतं. पण ओव्हनच्या लालभडक दांड्यांतून उष्णता किरणांच्या रूपातही येते. चकचकीत धातू हे किरण परतवून लावतो, काच काही आरपार जाऊ देते आणि उरलेले स्वतः शोषते. एकदा तापली की ती लवकर निवतही नाही. परिणाम असा की कडा आणि बूड ठरल्यापेक्षा आधी करपतात. म्हणून धातूच्या भांड्यासाठी दिलेल्या कृतीत काचेचं भांडं वापरायचं असेल तर तापमान साधारण १५ अंशांनी उतरवावं. जळगावच्या केळ्यांचा केक १८० ऐवजी १६५ अंशांवर ठेवला आणि थोडा जास्त वेळ दिला, की मधला भाग शिजेपर्यंत कडा काळ्या पडत नाहीत. बाहेर काढल्यावरही डिशच्या उष्णतेने केक थोडा वेळ शिजत राहतो, तेवढा धरून चालावं.

नानकटाईला मात्र पत्र्याचा ट्रेच बरा. दिवाळीत पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीवर जाणाऱ्या बायका पत्र्याच्या ट्रेमध्येच नानकटाई भाजून आणायच्या, ते योग्यच होतं. तिला लवकर तापणारं आणि लवकर निवणारं बूड लागतं. भरिताच्या वांग्यांनाही काचेत घालून काही साधत नाही. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पऱ्हाट्यांच्या जाळावर येणारी धुराची चव ओव्हनमध्ये येणार नाही. भाजलेलं वांगं बडगीत ठेचून, फोडणी देऊन झालं, की मग काच कामाला येते: भरीत गरम ठेवायला आणि पानापर्यंत न्यायला.

गॅसच्या ज्योतीवर काचेची बेकिंग डिश कधीच ठेवू नये, ती बोरोसिलिकेटची असली तरी. ज्योत एकाच जागी चटका देते आणि शेजारचा भाग गार राहतो. जळगावच्या मू. जे. महाविद्यालयात किंवा धुळ्याच्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकलेल्यांना तिपाईवरची तारेची जाळी आठवत असेल. चंचुपात्राखाली ती असायची ती ज्योत पसरवायला.

ओरखडा म्हणजे फुटण्याची सुरुवात

१९२१ साली ए. ए. ग्रिफिथ या इंग्लिश अभियंत्याने दाखवून दिलं की काच तिच्या अणुबंधांच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी ताणाला फुटते, कारण पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. ताण त्या चिरेच्या टोकावर एकवटतो. कापडाच्या दुकानात मीटर मोजून झालं की विक्रेता काठाला कात्रीचा एक टिचका देतो आणि मग तागा हातानेच टर्रकन फाटतो, तसंच हे. म्हणून काच तारेच्या घासणीने किंवा राखेने घासू नये. चिकटलेलं कोमट पाण्यात भिजवावं आणि मऊ स्पंजने काढावं. काठाला टवका गेलेली डिश ओव्हनमध्ये घालू नये, तिच्यात सुपारी-बडीशेप ठेवायला हरकत नाही.

आपल्या मांड्यांचं खापर मात्र चुलीवर उपडं घालून तापवतात, त्यावर ओलसर मांडा पडतो आणि तरी ते टिकतं. भाजलेल्या मातीत असंख्य छिद्रं असतात. पळती चीर छिद्राशी पोहोचली की तिचं टोक बोथट होतं. काच एकसंध असते, तिच्यात चिरेला अडवणारं काही नाही. पण त्याच एकसंधपणामुळे ती साठवणीला उत्तम ठरते.

आंबट, तिखट, हळदीचं

हळदीतलं करक्युमिन तेलात सहज विरघळतं आणि तेलाबरोबर प्लास्टिकमध्ये मुरतं. शेवभाजीचा काळ्या मसाल्याचा रस्सा प्लास्टिकच्या डब्यात एकदा ठेवला, की रंग आणि लसणाचा वास त्या डब्याचे कायमचे सोबती होतात. काचेत दोन्ही शिरत नाहीत. कैरी, चिंच, लिंबू यांच्या आंबटपणाचाही तिच्यावर परिणाम होत नाही. रस्सा मायक्रोवेव्हमध्ये तापवताना लहरी काचेतून आरपार जातात आणि पदार्थ तापतो. भांडं गरम लागतं ते मुख्यतः आतल्या रश्श्यामुळे. प्लास्टिकचं झाकण तेवढं आधी काढावं.

फ्रीजरच्या बाबतीत मात्र उन्हाळा घात करतो. आखाजीला उरलेला आमरस बरणीत भरून गोठवताना वर दोन बोटं जागा सोडावी, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. मग उणे १८ अंशांवरची ती बरणी टाकीच्या ४० अंशांच्या पाण्याखाली धरली, की फरक ५८. साध्या काचेची मर्यादा ओलांडली. आदल्या रात्री बरणी खालच्या कप्प्यात काढून ठेवली तर प्रश्नच उरत नाही.

तेलात ओळख पटते

काच कुठली, हे घरी तपासता येतं. बोरोसिलिकेटचा वक्रीभवनांक सुमारे १.४७ आणि शेंगदाणा किंवा सोयाबीन तेलाचाही जवळपास तेवढाच. साध्या काचेचा १.५२. पारदर्शक भांड्यात तेल घेऊन त्यात काचेची लहान वाटी किंवा कांडी बुडवा. बोरोसिलिकेट असेल तर बुडालेला भाग जवळजवळ दिसेनासा होतो, कारण प्रकाशाला तेल आणि काच यांतला फरकच कळत नाही. साध्या काचेच्या कडा तेलातही स्पष्ट दिसतात.

दुकानात मात्र तेल घेऊन जाता येत नाही. खोक्यावर ‘ओव्हन सेफ’ लिहिलेलं असतं, पण ओव्हन सोसणं आणि ओव्हनमधून काढल्यावर ओला ओटा सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिऱ्हाइकाने दोन प्रश्न विचारावेत: काच बोरोसिलिकेट की टफन्ड, आणि किती अंशांचा फरक सोसते? काही उत्पादक दुसरा आकडा छापतात. तो मिळाला की बाकीची वजाबाकी ज्याची त्याला करता येते, थंडीत आपला ओटा किती गार असतो हे लक्षात ठेवून.