१४ एप्रिलची रजा : मालकाची मर्जी किती, आपला हक्क किती?

एप्रिल जवळ आला की मॉल, शोरूम, कॉल सेंटर आणि खासगी कार्यालयांत काम करणाऱ्या आपल्या अनेक तरुणांना एकच उत्तर मिळते : "आत्ता कामाचा लोड आहे, रजा नंतर घे." मालकाला असे म्हणता येते का? काही प्रमाणात येते. पण त्यामुळे आपला हक्क संपत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. भीमजयंती आणि बुद्धपौर्णिमा राज्य शासनाच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत आहेत. मात्र ती यादी खासगी आस्थापनांना आपोआप लागू होत नाही. तिथे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मधील कलम १८ पाहावे लागते.

कायद्याने काय मिळते?

• वर्षाला ८ नैमित्तिक रजा. त्या दर तिमाहीला खात्यात जमा होतात आणि वर्षअखेर न वापरल्यास बुडतात.

• वर्षात २४० दिवस काम केले असेल, तर दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

• वर्षाला ८ भरपगारी सणसुट्ट्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी सहमतीने ठरवायच्या. त्या दिवशी कामावर बोलावले, तर दुप्पट वेतन आणि बदली सुट्टी द्यावी लागते.

रजा नाकारली तर?

भरपगारी रजेचा अर्ज १५ दिवस आधी केलेला असावा. तो नाकारला, तर ४५ दिवसांच्या वरच्या रजेचे पैसे मागता येतात. नाकारलेली रजा मिळण्यापूर्वीच नोकरी सोडली, तरी तिचे पैसे मालकाने द्यायचे असतात. म्हणून १४ एप्रिलसाठी ३० मार्चपर्यंत लेखी किंवा ईमेलने अर्ज करा आणि नकारही लेखी मागा. तोंडी बोलणे पुढे सिद्ध करता येत नाही. दाद कामगार आयुक्त कार्यालयात मागता येते.

हा कायदा व्यवस्थापकीय पदांना लागू नाही. तसेच किती कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू व्हावा, ही मर्यादा १० वरून २० करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. आपली आस्थापना त्यात बसते का, हे आधी तपासा.

खरी वेळ डिसेंबरची

चार सणसुट्ट्या ठरतात तेव्हा आपण गप्प बसतो आणि एप्रिलमध्ये विनवण्या करतो. त्याऐवजी डिसेंबरमध्येच सहकाऱ्यांच्या सह्या घेऊन १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाची लेखी मागणी करा. एकदा यादीत आलेला दिवस मागावा लागत नाही.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४५ च्या दुरुस्तीने कारखाना कामगारांच्या भरपगारी सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला. त्यांच्या जयंतीची सुट्टी मेहेरबानी म्हणून कशाला मागायची? कायदा वाचा, संघटित व्हा आणि ती हक्काने मिळवा.

जय भीम!