हजिऱ्याहून घोघ्यास : खंभातच्या आखातातील कुरव

सुरतेच्या व्यापाऱ्यास समुद्र नवा नाही. परंतु त्याने तो पाहिला तो बहुधा हुंडीच्या आणि विम्याच्या कागदांतून. सतराव्या शतकात वीरजी व्होरा यांच्यासारख्या सावकारांच्या काळी तापीच्या मुखात इतका गाळ असे की मोठी गलबते शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती सुवाळीच्या किनाऱ्यापाशी नांगर टाकीत आणि माल लहान होड्यांतून किंवा गाड्यांवरून नेला-आणला जाई. त्या सुवाळीच्या शेजारचेच हजिरा. येथून 8 नोव्हेंबर 2020 रोजी घोघ्यास जाणारी मोठी बोट सुरू झाली. खुष्कीच्या मार्गाने सुमारे 370 किलोमीटरचा वळसा पडत असे, तो पाण्यावरून 90 किलोमीटरांवर आला. मालमोटारी खालच्या मजल्यावर, माणसे वर, आणि चारएक तासांत सौराष्ट्राचा किनारा.

दिवाळीत ह्या बोटीवर गर्दी असते ती आपल्या हिऱ्यांच्या कारखान्यांतील कारागिरांची. वर्षातून एकदा ते भावनगर-अमरेलीकडील आपापल्या गावी निघतात. आपल्या सभासदांची कुटुंबे त्यानंतर जातात. चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची वाट कार्तिकी पौर्णिमेस पुन्हा उघडते आणि पालीताण्याच्या यात्रेकरूंची रीघ लागते. नेमक्या ह्याच दिवसांत उत्तरेकडून आणखी एक पाहुणा आखातात उतरलेला असतो. त्याची ओळख आपल्या मुलाबाळांना व्हावी, हा ह्या लेखाचा हेतू.

हा पाहुणा म्हणजे कुरव पक्षी. सुरतेत तापीच्या काठी हिवाळ्यात जे पांढरे थवे दिसतात आणि ज्यांना आपण सरसकट 'सायबेरियाचे पक्षी' म्हणतो, ते हेच. त्यांतील तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट व मध्य आशियातील उंच सरोवरांच्या काठी अंडी घालतो आणि हिमालय ओलांडून समुद्रावर येतो. त्याचा भाऊबंद काळ्या डोक्याचा कुरव आणखी दूरच्या उत्तर प्रदेशांतून येतो. बोट धक्का सोडते तेव्हा हे पक्षी मागून येऊ लागतात. जहाजाच्या पंख्याने पाणी घुसळले की मासळी वर येते, हे त्यांना ठाऊक असते. वाऱ्यावर पंख न हलविता बोटीच्या वेगाने तरंगत राहणारा तो पक्षी हाताच्या अंतरावरून पाहणे, हा एक अपूर्व आनंद आहे.

गेल्या कार्तिकात आम्ही दोन कुटुंबे, लहानथोर मिळून अकरा माणसे, ह्या बोटीने गेलो. सकाळची फेरी घेतली, म्हणजे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून चौविहार पाळता येतो. कठड्याशी उभे राहताच एका गृहस्थांनी गाठियाचे पाकीट फोडले आणि मूठभर गाठिया हवेत उधळला. क्षणात शंभरएक पक्षी किंचाळत गोळा झाले. मुले टाळ्या पिटू लागली. माझ्या वडील बंधूंची नात मात्र मला विचारू लागली, ''आजोबा, ह्यांचं डोकं तर पांढरंच आहे, मग तपकिरी डोक्याचा असं का म्हणतात?'' प्रश्न चोख होता. त्याचे उत्तर त्या दिवशी समोर दाखविता येण्यासारखे नव्हते. हिवाळ्यात ह्या पक्ष्याचे डोके पांढरे होते आणि डोळ्यामागे केवळ एक काळसर ठिपका उरतो.

परंतु मला बोलावयाचे आहे ते त्या गाठियाबद्दल.

सुरतेची भूतदया जुनी आहे. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सतराव्या शतकाच्या अखेरीस येथे आला होता. त्याने येथील पांजरापोळाचे आणि ढेकूण-पिसवांसारख्या क्षुद्र जीवांसाठी ठेवलेल्या आश्रयस्थानाचेही वर्णन मोठ्या नवलाने लिहून ठेवले आहे. अशा शहराच्या माणसाने पक्ष्यास दाणा घालावा, ह्यात आश्चर्य ते काय? तथापि पारव्यास ज्वारी घालणे आणि कुरवास तळलेले बेसन घालणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. कुरवाचा आहार मासळी, खेकडे, चिखलातील किडे. तेल, मीठ व सोडा घातलेल्या पिठाने त्याचे पोट भरते, पोषण होत नाही. आणि वसंतात ह्याच पक्ष्यास पुन्हा हिमालय ओलांडावयाचा असतो. शिवाय आयते मिळू लागले की तो शोधणे सोडतो आणि माणसाभोवती दाटी करतो. रिकामी पाकिटे पाण्यात जातात, ती वेगळीच.

आमच्या मंडळींपैकी एका वृद्ध गृहस्थांनी ह्यावर मार्मिक आक्षेप घेतला. ते म्हणाले, ''आपण गाठिया घातला तर तेवढे मासे तरी वाचतात ना?'' आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या मनात तो असतो. माझे उत्तर असे की, मासळीवर जगणारा पक्षी गाठिया खाऊन मासळी सोडीत नाही. पाकीट संपताच तो पुन्हा पाण्यावर झेपावतो. आपल्या हातून एक जीव वाचत नाही आणि दुसऱ्याचे आरोग्य बिघडते, मग ह्या व्यवहारात जमेस काय धरावे? गृहस्थांनी मान डोलावली नाही. पण पाकीट गुंडाळून पिशवीत ठेवले.

सागरी जीवांच्या बाबतीत गुजरातच्या किनाऱ्याने आपला व्यवहार बदलल्याचे एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. देवमुशी, म्हणजे जगातील सर्वांत मोठा मासा, वेरावळच्या बाजूस दरवर्षी येतो. त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना लावीत आणि मांस परदेशी पाठवीत. ह्यासाठी त्याची मोठी शिकार होई. 2001 मध्ये त्यास कायद्याचे संरक्षण मिळाले. परंतु केवळ कायद्याने धंदा थांबत नसतो. 2004 पासून मोरारी बापूंनी त्यास 'व्हाली' म्हणजे माहेरी आलेली लाडकी लेक म्हटले, वनखात्याने कापलेल्या जाळ्याची भरपाई देऊ केली, आणि ज्या हातांनी शिकार केली त्याच हातांनी जाळी कापून शेकडो देवमुशी सोडून दिल्या. जाळ्याची किंमत जाणणाऱ्या आपल्या व्यापारी वाचकांस ह्या भरपाईचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आमच्या मार्गावर देवमुशी दिसत नाही. आखाताचे पाणी गढूळ. भावनगरपाशी भरती-ओहोटीतील अंतर दहा मीटरांच्या घरात जाते, म्हणजे तीन मजली घर बुडेल इतके. जगातील मोठ्या भरत्यांत हिची गणना होते, आणि ह्याच भरतीच्या बळावर अलंगला मोडीत निघालेली जहाजे किनाऱ्यावर चढविली जातात. पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन ह्या पाण्यात राहतो, पण वर येतो तो क्षणभरच. आम्हांस त्याने दर्शन दिले नाही.

घोघा जवळ आले की पिरम बेट दिसू लागते : सखल जमीन, खारफुटीची हिरवी रेघ, दीपगृह. चौदाव्या शतकात मोखडाजी गोहिलाने येथे ठाणे करून येणाऱ्याजाणाऱ्या गलबतांकडून जकात वसूल केली होती. त्याहून नवलाची गोष्ट अशी की 1836 च्या सुमारास ह्या बेटाच्या खडकांत प्राचीन प्राण्यांची अश्मीभूत हाडे सापडली. त्यांत जिराफाच्या कुळातील एक अजस्र प्राणी निघाला. फाल्कनर ह्या शास्त्रज्ञाने त्यास ब्रह्मदेवाचे आणि ह्या बेटाचे नाव जोडून दिले. लाखो वर्षांपूर्वी येथे समुद्र नव्हता, नद्या व राने होती, असे सांगताच मुले गाठिया, मोबाईल सारे विसरून कठड्यावर ओणवली. ओहोटीच्या वेळी बेटाच्या चिखलावर समुद्री बगळे, तुतवार आणि चिखल्या चरताना दिसतात. साधी दुर्बीण असली तरी पुरे. बेटावर उतरावयाचे असल्यास मात्र आधी घोघ्यास परवानगीची चौकशी करावी आणि भरतीचे वेळापत्रक जाणणाऱ्या नावाड्यावाचून जाऊ नये. येथील ओहोटी होडीस तासाभरात चिखलात बसविते.

धक्क्यावर उतरल्यावर बहुतेक मंडळी घोघ्याच्या नवखंडा पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन पालीताण्यास जातात. आम्हीही गेलो.

राहिले नातीच्या प्रश्नाचे उत्तर. कुरव आखातात राहतात ते वसंतापर्यंत, आणि परतण्यापूर्वी त्यांच्या डोक्यावर हळूहळू रंग चढू लागतो. ज्यांना फाल्गुन शुद्ध त्रयोदशीच्या सहा गाऊंच्या प्रदक्षिणेस जावयाचे आहे, त्यांनी मुलांना घेऊन बोटीच्या मागच्या कठड्याशी उभे राहावे. थव्यात काही पांढरी, काही अर्धवट काळवंडलेली, काही पूर्ण तपकिरी डोकी एकाच वेळी दिसतील.