दिवसाची वीज, रात्रीची वीज : दुबईने घातलेला मेळ

सूर्याची वीज म्हटली की आपल्याला छपरावरची निळी पॅनेल आठवतात. हा माल स्वस्त, पण नाशवंत. सूर्य मावळला की दुकान बंद! आणि दिवे-पंख्यांची मागणी तर मगरिबनंतरच वाढते. मग रात्रीचे काय?

यासाठी दुसरी पद्धत आहे, ती आरशांची. शेकडो आरसे ऊन एका ठिकाणी एकवटतात. त्या उष्णतेने क्षार वितळवून मोठ्या टाक्यांत भरून ठेवतात. हे खाण्याचे मीठ नव्हे. सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोऱ्याच्या जातीचे. मनोऱ्याच्या पद्धतीत ते सुमारे 565 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. रात्री त्याच उष्णतेने पाण्याची वाफ करून टर्बाइन फिरवतात. थोडक्यात, ही उन्हाची वखार झाली.

दुबईच्या वाळवंटातील मोहम्मद बिन रशीद अल मकतूम सोलर पार्कमध्ये डिसेंबर 2023 मध्ये उद्घाटन झालेल्या चौथ्या टप्प्यात या दोन्ही पद्धती एकत्र आहेत. एकूण क्षमता 950 मेगावॉट. त्यापैकी 600 पन्हळीच्या आकाराच्या आरशांची, 100 मनोऱ्याची आणि 250 पॅनेलची. मनोरा 262 मीटर उंच असून त्याच्याजवळची साठवण 15 तास पुरते.

आता व्यापाऱ्याचा हिशेब पाहू. करारात आरशांच्या विजेचा दर युनिटला 7.3 अमेरिकन सेंट ठरला, तर पॅनेलच्या विजेचा 2.4 सेंट. आरशांचा माल तिप्पट महाग! पण दिवसा एक युनिट पॅनेलचे आणि रात्री एक युनिट आरशांचे घेतले, तर सरासरी पडते 4.85 सेंट. नुसते आरसे लावले तर दिवसाही महाग वीज घ्यावी लागेल. नुसती पॅनेल लावली तर रात्री अंधार. मेळ घालण्यातच फायदा आहे.

या धंद्यात जोखीमही आहे. मोरोक्कोतील वर्झाझात येथील 150 मेगावॉटचे मनोऱ्याचे केंद्र 2024 मध्ये क्षाराच्या टाकीला गळती लागल्याने कित्येक महिने बंद पडले. शिवाय आरशांना थेट कडक ऊन लागते. ढगाळ हवेत पॅनेल थोडीफार वीज देतात, आरसे देत नाहीत. म्हणून ही पद्धत वाळवंटाला मानवते, आपल्या कोकणाच्या पावसाळ्याला नाही.

आता बॅटरीही स्पर्धेत उतरली आहे. जानेवारी 2025 मध्ये अबुधाबीने पॅनेल आणि बॅटरी यांच्या जोरावर चोवीस तास 1,000 मेगावॉट वीज देण्याची योजना जाहीर केली. उद्या वखार क्षाराची राहील की बॅटरीची, हे दरच ठरवतील.

मात्र एक गोष्ट कारखानदार बंधूंनी ध्यानात ठेवावी. पॅनेलवाला युनिटचा दर सांगू लागला की आधी विचारावे, हे युनिट किती वाजता मिळणार? रात्रपाळीचे माग दुपारच्या विजेवर चालत नाहीत. साठवणुकीचा खर्च धरून जो दर पडेल, तोच खरा दर.