जमाखर्चाच्या वहीतून कॅनव्हासकडे

स्थिर नोकरी सोडून चित्रकार होण्याचे स्वप्न महानगरातील अनेक नोकरदार मनाशी बाळगून असतात. राजीनाम्याचा क्षण रोमांचक वाटतो. त्यानंतर येणाऱ्या पहिल्या तारखेचा विचार मात्र क्वचितच होतो.

या संदर्भात पॉल गोगँ याचे उदाहरण हमखास दिले जाते. पॅरिसच्या शेअर बाजारात काम करणारा गोगँ फावल्या वेळात चित्रे काढत असे. १८८२ मध्ये बाजार कोसळला आणि पुढच्याच वर्षी त्याने पूर्णवेळ चित्रकलेची वाट धरली. पदरी पाच मुले होती आणि चित्रे विकली जात नव्हती. कोपनहेगनमध्ये त्याने ताडपत्री विकून पाहिली, पत्नी फ्रेंचच्या शिकवण्या करू लागली; पण १८८५ मध्ये संसार दुभंगलाच. खरी कीर्ती लाभली ती १९०३ मधील मृत्यूनंतर.

मुंबईत वाढलेल्या भूपेन खख्खर यांनी मात्र निराळा मार्ग पत्करला. १९३४ मध्ये जन्मलेल्या खख्खर यांचे वडील लवकर वारले. मुलाने शिकून स्थिरस्थावर व्हावे, ही आईची अपेक्षा. त्यानुसार ते चार्टर्ड अकाउंटंट झाले. चित्रकलेचे शिक्षण म्हणजे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील संध्याकाळच्या वर्गांपुरतेच. चित्रकार गुलाम मोहम्मद शेख यांच्या आग्रहावरून १९६२ मध्ये ते बडोद्याला गेले. तेथे त्यांनी कलासमीक्षेचा अभ्यासक्रम निवडला. चित्रे ते स्वतःच काढत, चुकत आणि शिकत राहिले.

मात्र हिशेबाचे काम त्यांनी एकदम सोडले नाही. एका कारखान्यात ते अनेक वर्षे अर्धवेळ हिशेब पाहत होते. त्या पगाराने दोन गोष्टी साधल्या. चित्र विकलेच पाहिजे हा धाक उरला नाही, आणि ग्राहकाच्या आवडीपुढे मान तुकवण्याची गरज भासली नाही. प्रतिष्ठित कलावर्तुळाने नाक मुरडावे अशी कॅलेंडरवरच्या देवांची चित्रे त्यांनी आपल्या आरंभीच्या कोलाजमध्ये बेधडक वापरली.

प्रशिक्षणाचा अभावही त्यांनी लपवला नाही. शरीररचनेतील अवघडलेपण आणि भडक रंग हीच त्यांची शैली झाली. १९७२ मधील ‘डीलक्स टेलर्स’ आणि ‘जनता वॉच रिपेअरिंग’ या चित्रांत शिंपी आणि घड्याळजी अवतरले. लेखापालाच्या टेबलापलीकडून रोज दिसणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला भारतीय आधुनिक चित्रकलेत असे मानाचे स्थान क्वचितच मिळाले होते.

अर्थात, अर्धवेळ नोकरी म्हणजे यशाची हमी नव्हे.  खख्खर यांच्यावर गोगँसारखा मुलाबाळांचा भार नव्हता. तरीही धैर्य केवळ राजीनाम्यात नसते, उपजीविकेची सोय लावून वर्षानुवर्षे चिकाटीने काम करण्यातही असते, हे त्यांच्या वाटचालीतून दिसते.

२००३ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याला नाव दिले होते त्यांच्याच १९८१ मधील चित्राचे, ‘यू कान्ट प्लीज ऑल’. आपल्या समलैंगिकतेचा उघड उच्चार करणाऱ्या त्या चित्रात सज्जात उभा असलेला एक विवस्त्र माणूस खालचे दृश्य पाहतो आहे. दृश्य आहे बाप, मुलगा आणि गाढवाच्या गोष्टीचे. लोकांचे ऐकत गेलेल्या त्या बापलेकांच्या हाती अखेर गाढवही उरले नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.