रामा शेट्टीच्या पलीकडचे अमरापूरकर

भंडारदऱ्याच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात आभाळ फाटते. त्याच जिल्ह्याच्या पाथर्डी-जामखेड भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणावर प्रवराकाठचा ऊस पोसला गेला, पूर्वेकडची शिवारे मात्र कोरडीच राहिली. अशा या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याने दिलेला नट म्हणजे सदाशिव अमरापूरकर.

११ मे १९५० रोजी नगरला जन्मलेले अमरापूरकर मूळचे गणेश नरवोडे. पुणे विद्यापीठातून त्यांनी इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेतली. पण त्यांची खरी तालीम झाली ती रंगमंचावर. ‘हॅण्ड्स अप’ नाटकातील त्यांचे काम गोविंद निहलानींच्या नजरेत भरले आणि ‘अर्धसत्य’मधील (१९८३) रामा शेट्टी त्यांच्याकडे आला. आवाज न चढवता दहशत कशी उभी करावी, हे त्या थोड्या प्रसंगांतून हिंदी पडद्याने प्रथमच पाहिले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ‘सडक’मधील (१९९१) महाराणीसाठी त्यांना फिल्मफेअरचा खलनायकाचा पुरस्कार मिळाला; तो पुरस्कार त्या वर्षीच सुरू झाला होता.

बाजारपेठेला एक नमुना पसंत पडला, की ती त्याच मालाची मागणी करीत राहते. इंग्लंडच्या ॲलन रिकमन यांचा अनुभव फार वेगळा नव्हता. शेक्सपिअरच्या रंगभूमीवर मुरलेल्या या नटाला हॉलिवूडने १९८८ साली ‘डाय हार्ड’मध्ये बोलावले, तेही खलनायक म्हणूनच. अमरापूरकरांच्या वाट्यालाही पुढे ठोकळेबाज दुष्ट आणि उथळ विनोदी भूमिका पुष्कळ आल्या. ‘दोघी’ आणि ‘वास्तुपुरुष’ यांसारखे मराठी चित्रपट त्या मानाने विरळाच.

परंतु पडद्यावर कमावलेल्या नावाचा त्यांनी केलेला विनियोग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही पाहण्याजोगा आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासमवेत ते ‘लग्नाची बेडी’च्या प्रयोगांत उभे राहिले. त्या प्रयोगांच्या उत्पन्नातून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला गेला आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागले. मुद्दल शाबूत ठेवून कार्यकर्त्याची चूल पेटती ठेवण्याची ही व्यवस्था अनेक सरकारी योजनांपेक्षा शहाणपणाची होती. नटाच्या लोकप्रियतेला यापेक्षा चांगला व्याजदर क्वचितच मिळाला असेल!

२०१३ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता. मुंबईत वर्सोव्याला होळीच्या दिवशी नाचगाण्यासाठी पाणी उधळले जात असल्याचे पाहून अमरापूरकरांनी हरकत घेतली. तेव्हा त्यांना मारहाण झाल्याची बातमी वृत्तपत्रांत आली. त्या उधळणाऱ्यांना पाणी नळातून येते एवढेच ठाऊक असावे. टँकरच्या रांगा ज्या जिल्ह्याला नवीन नाहीत, तिथून आलेल्या माणसाला मात्र तो हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता. पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर २०१४ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यांचे पार्थिव नगरला नेण्यात आले.