उभं राहण्याचा प्रश्न: एका आसाच्या गाड्यांचा मागोवा

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. या घटनेबद्दल लिहिताना इंजिनं येतात, पूल येतात. स्टेशनाबाहेर मालाची वाट बघत थांबलेल्या बैलगाड्यांबद्दल मात्र क्वचितच लिहिलं जातं. मालवाहू गाडीचा बराचसा दिवस थांबण्यातच जातो. माल चढायचा, उतरायचा, पावती व्हायची, फाटक उघडायचं. चार चाकांची गाडी या वेळात आपली आपण उभी राहते. दोन चाकांच्या, एका आसाच्या गाडीला पुढच्या दांडीखाली काहीतरी आधार लागतोच. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातल्या अशा गाड्यांकडे मागे वळून पाहिलं, तर एक गोष्ट सतत दिसते: ओढायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक पिढीने सोडवला, आणि उभं कसं करायचं, हे शेवटी हाताला येईल त्या विटेवर सोपवलं. आज कुणी मोटरसायकलमागे जोडायला छोटा ट्रेलर बनवायला घेतो तेव्हाही हूक, चाकं आणि रंग यांवर खल होतो. दांडीचा स्टँड शेवटच्या दिवशी, उरलेल्या पाइपातून निघतो. माझं म्हणणं असं की क्रम उलटा हवा. आधी स्टँड ठरवावा, मग त्याला धरून दांडी.

बैलगाडीत हा प्रश्न सौम्य होता. बैल जुंपलेले असेपर्यंत जू त्यांच्या मानेवर टेकलेलं, आणि सोडले की दांडीखाली लाकडाचा टेकू. लोखंडी धावेचं चाक मातीत थोडं रुतायचं, त्यामुळे गाडी जागची हलायची नाही. रबरी टायर आले तेव्हा बैलांचा भार हलका झाला, पण तीच सहजता थांबलेल्या गाडीला महागात पडू लागली, कारण जरासा उतार मिळाला तरी चाक फिरतं आणि टेकू सुटतो. म्हणजे चाक सुधारलं की आधारही सुधारायला हवा होता. तसं झालं नाही, चाकामागे दगड लावून वेळ निभावली गेली. भिवंडीच्या यंत्रमागाचा माल आणि कल्याणच्या बाजारातली पोती वाहणाऱ्या दोनचाकी हातगाड्यांनीही हाच वारसा चालवला. ओढणारा माणूस होता तोवर तोच आधार. तो चहाला गेला की दांडी जमिनीवर.

खरी परीक्षा यंत्रांच्या काळात झाली. 1960च्या दशकात ठाण्यात वागळे इस्टेट आणि पाठोपाठ डोंबिवलीत एमआयडीसी उभी राहिली. पुढे ठाणे महापालिका 1982 साली आणि कल्याण-डोंबिवली 1983 साली झाली, आणि इमारतींची रांग लागली. ओढून न्यायचे काँक्रीट मिक्सर, डांबराचे बॉयलर, वेल्डिंगचे सेट आणि कॉम्प्रेसर रस्त्यांवर दिसू लागले. 2005 नंतरच्या काही वर्षांत मुंबई शहर भारनियमनातून वगळलेलं असताना कल्याण-डोंबिवलीत रोज काही तास वीज नसे, तेव्हा चाकांवरचे जनरेटरही दुकानांपुढे आणि मंगल कार्यालयांच्या आवारात आले. या यंत्रांनी बैलगाडीच्या टेकूला न विचारलेला प्रश्न विचारला: उभं असताना गाडी थरथरत असेल तर? थरथरीने आट्यांचा जॅक हळूहळू ढिला होतो आणि विटांची चळत सरकते. जिथे चौकोनी पाइपात दुसरा चौकोनी पाइप घालून भोकातून पिन मारलेली असते, तिथे हा त्रास उरत नाही. पिनला आट्या नसतात, त्यामुळे थरथरीने उलगडण्यासारखं काही नसतं. त्या काळातून घेण्यासारखं खरं तर एवढंच आहे.

दुचाकीमागचा छोटा ट्रेलर मात्र इकडे रुळला नाही. त्याचं एक कारण कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा 1988 ट्रेलरची स्वतंत्र व्याख्या करतो आणि सार्वजनिक रस्त्यावर ओढला जाणारा ट्रेलर नोंदलेला असावा लागतो. फॅब्रिकेटरकडून करून आणला आणि जोडला, असं चालत नाही. दुसरं कारण बाजारात आहे. बारामतीची तीनचाकी आपे आणि 2005 साली आलेली टाटा एस यांनी किरकोळ मालवाहतूक घेतली. या गाड्यांच्या यशाचं श्रेय इंजिनाला आणि कर्जाच्या हप्त्याला दिलं जातं. ते खरंच आहे, पण डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या गर्दीत त्या कुठेही सोडून जाता येतात, ही गोष्टही कमी महत्त्वाची नाही. एका आसाच्या ट्रेलरला त्या गर्दीत टिकायचं असेल तर उभं राहण्यात तरी त्याने हार खाऊन चालणार नाही.

आता आकड्यांकडे. समजा भरलेला ट्रेलर 100 किलोचा आहे आणि नेहमीच्या अंगठेनियमाप्रमाणे त्यातला दहावा भाग, म्हणजे 10 किलो, हुकावर येतो. हूक आसाच्या 1.2 मीटर पुढे आणि स्टँड 0.9 मीटर पुढे असेल, तर सुटा केल्यावर स्टँडवर सुमारे 13 किलो येतात. पाण्याचा 20 लिटरचा कॅन आसाच्या पुढे 30 सेंटिमीटरवर ठेवला की त्यात साडेसहा-सात किलोंची भर. हे वजन कुणालाही किरकोळ वाटेल, आणि इथेच फसगत होते. 12 मिलिमीटरच्या सळईचं टोक जेमतेम 1.1 चौरस सेंटिमीटरचं असतं. त्यावर 13 किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेअकरा किलोंहून जास्त. जुलैमधल्या ओल्या मातीत अशी सळई सरळ आत जाते. त्याच सळईखाली 10 सेंटिमीटर लांबी-रुंदीची पत्र्याची पट्टी डकवली की दाब शंभराव्या हिश्श्याच्या जवळ येतो. इथल्या पावसाळ्यात आणि पेव्हर ब्लॉकच्या फटींत स्टँडचं काम पायाच्या जाडीपेक्षा तळव्याच्या रुंदीवर जास्त अवलंबून असतं.

एक पाय की दोन, यावर लोक हमखास दोनच्या बाजूने बोलतात. जुन्या स्कूटरचा मधला स्टँड भंगारात सहज मिळतो आणि तो भक्कम दिसतो. पण ट्रेलरची दोन चाकं आधीच जमिनीवर आहेत. त्यांच्या जोडीला एक पाय म्हणजे तीन टेकणी, आणि तीन टेकण्यांचं स्टूल कितीही खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही. चौथं टेकण आलं की सपाट जमीन शोधावी लागते. म्हणून मोटरसायकलच्या साइड स्टँडचा पाय जास्त उपयोगी, अर्थात खाली रुंद पट्टी लावून. तो बसवताना दिशा सांभाळावी: पाय उभ्या रेषेच्या किंचित पुढे जाऊन ठोकरीला टेकायला हवा, म्हणजे ट्रेलरचं वजनच त्याला उघडा ठेवतं. पाय अलीकडेच थांबला तर सगळी भिस्त स्प्रिंगवर येते, आणि खाडीच्या खाऱ्या हवेत स्प्रिंगवर फार विसंबू नये.

यावर पहिला आक्षेप सोपा आहे: ट्रेलर सोडायचाच कशाला, मोटरसायकलला जोडूनच ठेवावा. सपाटीवर हे चालेलही. पण साइड स्टँडवर मोटरसायकल एका अंगाला कलते आणि कपलिंगला तो पीळ तासन्‌तास सोसावा लागतो. शिवाय साइड स्टँड मागच्या दिशेला मिटतो. कल्याणच्या पत्री पुलासारख्या चढउताराच्या रस्त्यावर गाडीचं तोंड खाली असेल, तर मागचा ट्रेलर तिला पुढे ढकलतो, म्हणजे नेमकं स्टँड मिटण्याच्या दिशेने. गिअरमध्ये ठेवून काही अंशी निभावतं, पण गिअर नसलेल्या स्कूटरला तोही आधार नाही. दुसरा आक्षेप छोट्या चाकाच्या स्टँडचा. सोसायटीच्या गुळगुळीत आवारात ट्रेलर हाताने फिरवायचा असेल तर चाक सोयीचं, हे मान्य. पण तेच चाक खडीत अडतं, फटीत बसतं, उतारावर पळतं. ज्याला हलवणं आणि थांबणं दोन्ही हवं त्याने चाकही ठेवावं आणि पायही. फक्त चाक ठेवून मुक्काम करू नये.

गतिरोधकाचा मुद्दा उरतो, आणि तो इथे लहान नाही. मानकातला गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंचीचा. गल्लीबोळांतले आपल्या मर्जीने बांधलेले असतात. मोटरसायकलचं मागचं चाक पलीकडे उतरलेलं आणि ट्रेलरची चाकं अलीकडेच असताना दांडीचा मधला भाग उंचवट्याच्या सर्वांत जवळ येतो, आणि स्टँड नेमका तिथेच असतो. मिटलेल्या अवस्थेत तो दांडीच्या तळाखाली लोंबत असेल तर पहिल्या आठवड्यातच वाकेल. त्यासाठी तो दांडीला समांतर मिटावा आणि पिनने अडकावा. ती पिन साखळीने दांडीला बांधलेली असावी, नाहीतर तिची जागा खिळा घेतो आणि खिळ्याची जागा सुतळी.

एवढं करूनही पुढचा स्टँड एका प्रकारापुढे हतबल आहे. 60 किलोचा माणूस माल काढायला आसाच्या 60 सेंटिमीटर मागे उभा राहिला की मागचा जोर पुढच्यापेक्षा तिप्पट होतो, आणि ट्रेलर बैलगाडीसारखाच उलाळतो. दांडी वर, स्टँड हवेत. त्यामुळे मागच्या फळीखालीही एक मिटणारा पाय लागतो, आणि दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. हे ठोकळे ठेवायला दांडीवरच छोटी पेटी वेल्ड करून घ्यावी.